पंखा, पेले आणि चार नंबरचा वॉर्ड

सोमवार, ४ मार्च

काल उपासना संपली आणि दारातच मला गाठायला रांग लागली. प्रार्थनेसाठी नव्हे — पंख्यासाठी! निवृत्त पोस्टमास्तर काका म्हणाले, "पास्टर, तो पंखा थेट माझ्या टकलावर येतो." मागून त्यांची विहीण — "पंखा बंद केलात तर मी यायची नाही हं!" दोघं एकाच बाकावर बसतात. पण जागा बदलायचं नाव नाही. बाक काय आंदण मिळालाय?

मग ऑर्गनवाल्या बाई. गीताचं चौथं कडवं मी मुद्दाम गाळलं म्हणे. घड्याळ बघून गाळलं हो!

मंगळवार, ५ मार्च

दवाखान्यात गेलो. चार नंबरच्या वॉर्डात खिडकीजवळ एक म्हातारा आहे, गोदामाचा रखवालदार. मुलीशी अकरा वर्षं अबोला. तिच्या लग्नाला हट्टाने गेला नाही, तेव्हापासून. आता तिला पत्र पाठवायचंय, पण लिहिता येत नाही. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. एक पान झालं आणि त्याला दम लागला. म्हणाला, "खरी गोष्ट सांगायची राहिलीच. ती उद्या सांगतो. पत्तापण उद्या. नक्की या." डोळे भरून आले माझे. मी पाळक झालो ते यासाठी.

घरी आलो तर टेबलावर अर्ज. विषय : प्रभुभोजनाचे पेले. सुवासिक साबणाने धुतल्यामुळे द्राक्षरसाला साबणाचा वास येतो. खाली सात सह्या! दवाखान्यातल्या सेवेसाठी नावं मागितली होती, तेव्हा कागद साऱ्या मंडळीत फिरून कोराच परत आला होता. साबणाला मात्र सात जण.

बुधवार, ६ मार्च

सकाळपासून रविवारचा उपदेश लिहितोय. विषय — मुख्य काम सोडून किरकिर करणारे. एकदा यांचे कान उपटायलाच हवेत! पहिलंच वाक्य असं जमलंय की काका मान वर करणार नाहीत.

दुपारी ही दारात येऊन उभी. "दवाखान्यात जायचं होतं ना?"

म्हटलं, उद्या जाईन. आत्ता लिहायचा सूर लागलाय.

"अहो, तो वाट बघत असेल."

कुठे पळून जातोय तो?

गुरुवार, ७ मार्च

पुन्हा लिहिला. साबण आता शेवटी घेतलाय, तिथे जास्त झोंबतो. बायबलमधली वचनं तीन होती, पाच केली. दवाखाना उद्या.

शुक्रवार, ८ मार्च

ऑर्गनवाल्या बाईंचा फोन. पाऊण तास! चौथं कडवं. नंतर डोकं असं दुखलं की कुठे गेलोच नाही.

शनिवार, ९ मार्च

उपदेश मोठ्याने म्हणून पाहिला. बावीस मिनिटं. हिला विचारलं, कसा वाटला? "शब्द चांगले आहेत. पण तुम्ही चिडलेले दिसता." चिडलोच आहे! चिडू नको तर काय आरती ओवाळू यांची? पोरकट माणसं सगळी. बाहेर जग मरतंय आणि यांना वारा लागतोय.

रविवार, १० मार्च

दिला! सगळे चिडीचूप. कुणी खोकलंसुद्धा नाही. साबणावर आलो तेव्हा दोन-तीन माना खाली गेल्या. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

दारात काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "पास्टर, आज फार छान बोललात. हल्ली लोक किरकिरच फार करतात." आणि पुढे दोन पावलं जाऊन वळले — "तेवढं पंख्याचं बघा."



सोमवार, ११ मार्च

दवाखान्यात गेलो. त्याला गुरुवारी झटका आला. वाचा गेली, उजवा हातही गेला. नर्स म्हणाली, "बुधवारी दाढी करून बसले होते. संध्याकाळपर्यंत दाराकडेच बघत होते."

मला ओळखलं त्याने. तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज आला. मी अर्धं पत्र हातात धरून बसलो. पत्ता नाही. मायन्यात नुसतं "बाळ" लिहिलंय. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.