दाजींचा छोटा हॅमर

रविवार, ३ मार्च
लोडरच्या पुढच्या हाताला लावायचा हॅमर मोठाच घेतला, कारण काँक्रीट फोडायला वजन लागतं. संपलं. यात विचारण्यासारखं काय आहे? कुणी विचारलेलं नाही म्हणा. पण ताईच्या कपाळावरची आठी मला वाचता येते.
दाजींचा छोटा हॅमर हॅमरवाल्याला बदल्यात देऊन टाकला. तो म्हणाला, काका, तुमच्या लोडरचा तेलाचा पंप याला पुरणार नाही, आधी मशीनचे कागद बघा. मी म्हणालो, कागद बघून लग्न जुळवतात, हॅमर नाही. हसला नाही. धंद्यात दम नाही त्याच्या.
दाजी जाऊन दोन महिने झाले. लोडर आता ताईचा. विकून टाकू म्हणते. मी म्हणालो, जुन्या गोदामाचा कोबा फोडायचं काम घेतलंय, शनिवारपर्यंत फोडून दाखवतो, मग बोल. "बरं," म्हणाली. तिचं 'बरं' नकारापेक्षा वाईट.

सोमवार, ४
सकाळी ताईच्या मागच्या शेडमध्ये गेलो. काल मी हॅमर हवेत लोंबकळत ठेवून गेलो होतो. आज लोडरचा हात खाली, छिन्नी जमिनीवर सरळ दाबलेली, ग्रीस भरलेलं, वरून फडक्याने पुसलेलं. दाजी असंच करायचे. छिन्नी दाबल्याशिवाय ग्रीस भरू नकोस, वर साचून सील फुटेल, असं रोज तोच पाढा. सीटही मागे सरकवलेली. दाजी उंच होते.
ताईला विचारावं म्हटलं तर दाराला कुलूप. दूध आणायला गेली असेल.
मीच केलं असणार. कामाच्या माणसाचे हात आपोआप चालतात. सीट पुढे घेतली. दिवस हॅमरचे पाइप जोडण्यातच गेला; ग्रीस सगळं माझ्या कपड्यांना लागलं आणि हॅमर पुन्हा लोंबताच राहिला.

मंगळवार, ५
शेडमध्ये पुन्हा ग्रीस भरलेलं. माझे हात फारच आपोआप चालायला लागलेत.
गोदामावर काम सुरू. हॅमर उचलला की लोडरची मागची चाकं वर येतात. उत्साह आहे मशीनला. पण ठोका भरभर पडत नाही. ठक. ठक. ठक. मग थांबतो. पुन्हा ठक, ठक, ठक. दारावर कुणी बोटांनी वाजवावं तसं. समोरच्या म्हातारीने तीनदा दार उघडलं. तिसऱ्यांदा म्हणाली, आत या, नाहीतर जा बाबा.
दाजी सकाळी मला उठवायला असंच वाजवायचे. तीन ठोके, मग थांबायचे. योगायोग. मी असलं काही मानत नाही.
कोब्याला बशीएवढा खळगा पडलाय. सुरुवात चांगली.

बुधवार, ६
ग्रीस भरलेलं. ग्रीस गन उचलून घरी आणली आणि पलंगाखाली ठेवली. बायको म्हणाली, उद्या मशीनच आणून झोपवा इथे. मी गन आणखी आत सरकवली. दार वाजलं. उघडलं. कुणी नव्हतं. कानात आवाज बसलाय, एवढंच.

गुरुवार, ७
ग्रीस गन पलंगाखाली. हॅमरला ग्रीस भरलेलं. शेडमध्ये मोठ्याने म्हणालो, दाजी, मला जमतंय. कुणी ऐकलं नाही. कुणाला ऐकवायचंही नव्हतं.
गोदामाचा मालक आला. म्हणे, कोबा फोडायला दिला होता की थोपटून झोपवायला? मी म्हणालो, तेल तापू द्या. मग जरा घाई केली. छिन्नी भेगेत घालून पहारीसारखी उचकटली. दाजी म्हणायचे, हॅमर आहे, पहार नाही. छिन्नी अडकली, पाइप फुटला. तेल थोडं सांडलं. थोडं म्हणजे दारापर्यंत.
लोडर आता विकला जाणार. जाऊ दे. मला काय. जेवलो नाही, पोट बरं नव्हतं.

शुक्रवार, ८
ताई गोदामावर आली. बरोबर हॅमरवाला, टेम्पोत नवा पाइप आणि दाजींचा छोटा हॅमर. विकलाच नव्हता त्याने. म्हणे, माहीत होतं, कुणीतरी न्यायला येणार.
ताई म्हणाली, "मंगळवारी पहाटे बघितलं तर हॅमर लोंबत होता आणि छिन्नी कोरडी. तेव्हापासून रोज मीच भरतेय. ह्यांची जुनी गन आहे माझ्याकडे. तीस वर्षं हे बडबडत होते, तू नाही, मी ऐकत होते."
म्हणजे ताई. चार दिवस मी उगाच.. असो. मी घाबरलो नव्हतोच.
छोटा हॅमर जोडला. मी सीटवर, ताई दारात. ती ओरडली, एका जागी फार वेळ मारू नकोस, सरक. काठापासून आत ये. मी ऐकलं, कारण हॅमरच्या आवाजात तिच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. ठोके असे भरभर, की म्हातारीने दार उघडलं नाही. संध्याकाळी अर्धा कोबा भुगा.

शनिवार, ९
दुपारी काम संपलं. ताई म्हणाली, लोडर विकायचा नाही. मी म्हणालो, बघ, सांगत होतो ना. ती म्हणाली, काम मी घेणार, हॅमर मी निवडणार, तू चालव आणि ग्रीस भर. छिन्नी दाबून. मोठा हॅमर परत गेला. अनुभवासाठीच घेतला होता.
मोठ्या मनाने तिला म्हणालो, सोमवारी तर फडक्याने पुसूनही ठेवला होतास, झकास.
ती म्हणाली, "सोमवारी? मी रविवारी संध्याकाळीच लेकीकडे गेले होते. सोमवारी दुपारी आले."
दोघांनीही लोडरकडे बघितलं. सीट मागे होती. मी सकाळी पुढे घेतली होती.
याबद्दल मला काहीही लिहायचं नाही. नाही म्हणजे नाही.