शाफ्टचं हळदकुंकू

उमरखेड, दसऱ्याचा दुसरा दिवस

चिरंजीव मंदार यास उमरखेडहून मधुसूदनाचे भरघोस आशीर्वाद.

तुझे पित्त कसे आहे? चहा सोडला असे तू कळवलेस आणि चहा वाढला असे तुझ्या बायकोने कळवले, तेव्हा दोन्हींचा मध्य काढून प्रकृती मध्यम आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. इकडे सर्व क्षेम. तुझी बहीण शोभा बरी आहे, आभा बांधाबांध करते आहे आणि मी पाठ वगळता सर्वांगाने उत्तम आहे. पाठीचे कारण पुढे विस्ताराने येईल. (मी संस्कृतचा मास्तर. मूळ दोन ओळींचे आणि टीका चाळीस पानांची, अशा ग्रंथांवर वाढलेला माणूस थोडक्यात लिहीत नाही.)

सोमवारी आभाला झरी जामणीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू व्हायचे आहे, तेव्हा रविवारी निघायचे. तू फोनवर परस्पर जाहीर केलेस की यवतमाळहून तुझी थंडगार गाडी घेऊन तू येणार, भाची तुझ्याबरोबर येणार, आणि सामान आम्ही टेम्पोत टाकावे. वर म्हणालास, "भाऊजी, त्या पिकअपमध्ये लेकीला कुठं नेता? अर्धी गाडी वाटेत राहील." हे वाक्य मला फार लागले, कारण ते खरे होते. शेतातले सोयाबीन वाहून वाहून आमच्या पिकअपची अशी अवस्था झाली होती की गिअर टाकला की खालून कोणी कढईवर उलथने आपटावे तसा आवाज येई, आणि वेग जरा वाढवला की माझा चष्मा नाकावरून उतरून मांडीत येई. आमचे मिस्त्री किसनसिंग यांनी खाली वाकून निदान केले, की शाफ्टचा क्रॉस गेला. त्यांनी नवा क्रॉस माझ्या हाती ठेवला, "गुरुजी, मी येईपर्यंत हात नका लावू" असे बजावले आणि सणासाठी तांड्यावर निघून गेले. ते येणार पौर्णिमेनंतर. आभा जाणार रविवारी. म्हणजे हात लावणे आलेच.

तू बँकेतला माणूस, म्हणून सोपे करून सांगतो. इंजिन पुढे असते, गाडी ढकलणारी चाके मागे असतात, आणि पुढच्याचे म्हणणे मागच्याला पोचवायला मधे एक लांब लोखंडी दांडा गरगर फिरत असतो, तो शाफ्ट. थोडक्यात मध्यस्थ. तो जिथे वाकतो तिथे क्रॉस नावाचा सांधा असतो. आमच्या मध्यस्थाचे गुडघे गेले होते, इतकेच.

प्रथम मी घरच्या अवजारांनी सुरुवात केली, म्हणजे शोभाची सांडशी आणि खलातला बत्ता. क्रॉसच्या टोकांवर स्प्रिंगसारख्या छोट्या कड्या बसवलेल्या असतात, त्या दाबून काढायच्या. सांडशीने दाबलेली पहिलीच कडी अशी उडाली, की कुंपण ओलांडून शेजारच्या रामरावांच्या म्हशीच्या गव्हाणीत गेली. रामरावांनी सगळे कुटार, म्हणजे भुसा, उपसले, कडी सापडेना. "गुरुजी," ते म्हणाले, "म्हशीनं गिळली असन त आभाताईले झरीले कायले पाठवता? पहिला पेशंट इथंच उभा आहे." (नव्या क्रॉससोबत नव्या कड्या मिळतात, जुन्यांची गरज नसते. हे मला ठाऊक होते, पण ते इतक्या मनापासून शोधत होते की मधे बोलणे बरे वाटले नाही. म्हशीने काही गिळलेले नाही. कडी आज माझ्या कुर्त्याच्या खिशात सापडली.)

मग मी तुला फोन केला आणि तू एसटीच्या कंडक्टरकडून तुझी अवजारांची पेटी धाडलीस. मंदार, काय ती पेटी! प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची स्वतंत्र खाच, कड्या काढायची खास पक्कड, आणि बोल्ट पुरेसा आवळला की टक् असा आवाज करून 'आता थांबा' म्हणणारा तो लांब पाना. वेळेवर 'आता थांबा' सांगणारे असे काही मास्तरांच्या खुर्चीलाही बसवायला हवे. पेटी इतकी कोरी होती, की घेतल्यापासून तू ती फक्त पाहुण्यांना दाखवलीस हे उघड झाले. तरी फोनवर सल्ला मात्र दिलास, की शाफ्ट काढण्याआधी खूण करा; गाडीच्या चकतीवर एक ठिपका, शाफ्टच्या चकतीवर एक, आणि जोडताना ते समोरासमोर आणा, नाहीतर गाडी थरथरेल. सल्ला योग्य होता. (कुठे वाचलास?)

खडू माझ्या खिशात सदैव असतो, पण ग्रीसवर खडू उठेना. तेव्हा मी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. मंदार, ग्रीसवर कुंकू जसे बसते तसे जगात काही बसत नाही. दोन ठसठशीत ठिपके दिले, शाफ्ट उतरवला, अंगणात फळीवर ठेवला, शेजारी तुझी अवजारे ओळीने मांडली आणि कृतकृत्य होऊन झोपलो.

दुसरा दिवस खंडेनवमीचा होता.

मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा शोभाने पूजा आटोपली होती. तुझ्या प्रत्येक पान्याला हळदकुंकू, पकडीला झेंडूचे फूल, आणि शाफ्टला तर दोन्ही टोकांना सगळीकडून बोटे, वर माळ. चकतीच्या चारही बोल्टांशेजारी कुंकू होते. त्यातला माझा ठिपका कोणता, हे एखाद्या भाष्यकारालाही सांगता आले नसते. मी म्हटले, अगं, ती खूण होती. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मला वाटलं तुम्हीच पूजा सुरू केली आणि नेहमीसारखी अर्धी सोडली." शिवाय पूजेतले अवजार दसऱ्याचे सोने वाटेपर्यंत उचलायचे नसते. झाले. सगळी योग्य अवजारे जन्मात प्रथमच माझ्या दारी आली, आणि दिवसभर मी त्यांना नमस्कार करत बसलो. खोटे कशाला सांगू, दिवस छान गेला. आभा बांधाबांध सोडून दोनदा शेजारी येऊन बसली.

काल, दसऱ्याला, आपट्याची पाने वाटून झाल्यावर मी गाडीखाली शिरलो. नवा क्रॉस तुझ्या पकडीने लोण्यासारखा बसला. शाफ्ट अंदाजाने जोडला, रामरावांना शेजारी घेतले आणि ढाणकीच्या रस्त्याला लागलो. फर्लांगभरात गाडीच्या डॅशबोर्डवरच्या गणपतीने थरथरीने आपल्या जागेवर हळूहळू फिरत आमच्याकडे पाठ केली. रामराव म्हणाले, "बाप्पा रुसले, गुरुजी. मांग सोयाबीनचे दोन कट्टे टाका. रिकामी गाडी लय वाजते, वजन असलं का गप रायते."

परतलो तो शोभा फाटकात उभी. माझा चेहरा पाहून तिने काय झाले विचारले, मी खुणेचे रडगाणे पुन्हा गायिले. तर ती म्हणते, "एवढंच ना? मी आधी हळद लावते, मग कुंकू. तुम्ही हळद लावली होती का?" नव्हती लावली. आणि लागलेले कुंकू पुसायचे नसते, म्हणून माझ्या ठिपक्याला तिने हातही लावला नव्हता. मी विजेरी घेऊन पुन्हा गाडीखाली आडवा झालो (पाठीचे कारण ते हेच). तीन बोल्टांशेजारच्या कुंकवाला पिवळी कड, चौथ्याला नाही. तोच माझा! शाफ्ट फिरवून ठिपक्यासमोर ठिपका आणला, तुझा पाना टक् म्हणेपर्यंत आवळले, आणि ढाणकीपर्यंत जाऊन आलो. चष्मा नाकावर, गणपती सन्मुख, आणि रामराव वाटेत चक्क घोरले.

रामराव उद्या यवतमाळला चालले आहेत, हे पत्र तेच तुझ्या हाती देतील. त्यांना चहा पाज, तू घेऊ नकोस.

तुझा,
मधुसूदन भाऊजी

ता. क. आता मुद्दा. रविवारी येऊ नकोस. उद्या आभाला फोन करून सांग की तुझी गाडी बिघडली. काय बिघडले विचारले तर शाफ्ट सांग, माहिती वर दिलीच आहे. (तुझ्या गाडीला असा शाफ्ट नसतो म्हणतात, पण आभा गुरांची डॉक्टर आहे.) तिला नागपूरला कॉलेजात तू सोडलेस, मुलाखतीला तू नेलेस, तेव्हा माझ्याकडे स्कूटर होती आणि तिच्याकडे ट्रंक. आता माझ्याकडे पिकअप आहे. या वेळी मला सोडू दे.

आणखी ता. क. पाकीट बंद करायला आभाकडे डिंक मागितला, ही चूक झाली. तिने पत्र वाचले. म्हणते, तिने तुला केव्हाच सांगितले होते की बाबांसोबतच जाणार, पिकअप न निघाली तर एसटीने, पण बाबांसोबतच. आणि तूच म्हणालास म्हणे, की भाऊजींना कळवू नकोस, दुरुस्ती अर्धी सोडतील. मंदार, तू आशीर्वादास पात्र नाहीस. वरचे परत घेतले आहेत असे समज.

शेवटचे ता. क. पेटी न्यायला म्हणून का होईना, रविवारी संध्याकाळी पांढरकवड्याच्या स्टँडवर येऊन थांब. मी तिला पोचवून त्याच वाटेने परतेन. गाडी आता उत्तम आहे, पण रिकामी फार वाजते असे रामराव म्हणतात. तुझे वजन पुरेसे आहे.