पिवळ्या तापाची लस

पेण, २० सप्टेंबर १९९८

ती. सौ. इंदुताईस,
धाकट्या सीताचा सा. न. वि. वि.

गणपती झाले, कारखान्यातलं मूर्तींचे डोळे आखायचं काम संपलं आणि माझ्या बोटांना आता भलताच उद्योग लागलाय. यांनी आफ्रिकेचा बेत खरंच पक्का केला. जानेवारीत यांची बुलेट बोटीने मोंबासाला पाठवायची आणि तिथून दोघांनी तिच्यावर बसून पार दक्षिणेच्या टोकापर्यंत जायचं. कंपनीने तीन महिन्यांची बिनपगारी रजाही दिली.

वाटेत सहा देश, प्रत्येकाचा व्हिसाचा फॉर्म वेगळा. यांचं अक्षर यांनाच लागत नाही, म्हणून सगळे मीच भरते. एकात विचारलंय, प्रवासाचं कारण काय? हे म्हणाले, हौस लिही. मी पर्यटन लिहिलं. मुलांची नावं लिहायच्या रकान्यात मात्र दर वेळी रेघ मारावी लागते. लग्नाला अकरा वर्षं झाली, सवय व्हायला हवी होती.

सासूबाई म्हणतात, "पोर नाय, बाळ नाय, जा हुंदडा." रागाने नाही, आपलं असंच.

लोभ आहेच, तो आम्ही परत येईपर्यंत टिकव.
तुझी सीता

रोहा, २७ सप्टेंबर १९९८

चि. सौ. सीताला ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, साडूंना सांग, आधी रोह्यापर्यंत धड येऊन दाखवा. गेल्या खेपेला चिखलात घसरून आमच्या दारात उभे राहिलात, तेव्हा शेजारीण मला विचारायला आली होती की भातलावणीची माणसं आलीत का!

सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस गो. आणि त्या रेघांचंही. आपल्या घरातल्या कुठल्या बाईने एवढं जग पाहिलंय? तू जा. माझ्यासाठी प्रत्येक देशातून एकेक पत्र टाक, म्हणजे पोस्टमन तरी मला वचकून राहील.

खुशाली कळवत जा, नाहीतर मी उगाच देव पाण्यात घालून बसते.
तुझी ताई

पेण, १५ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आमचे पासपोर्ट दिल्लीला गेलेत, एका वकिलातीतून दुसऱ्या वकिलातीत फिरताहेत. पिवळ्या तापाची लस तेवढी राहिली होती. तिचं कार्ड नसेल तर तिकडे उतरू देत नाहीत. त्यासाठी काल मुंबईला गेलो.

सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पाळीची तारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, दिवस असतील तर ही लस चालत नाही, आधी तपासून घ्या. तपासलं. ताई, दिवस आहेत!

हे दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. मग म्हणाले, आफ्रिका कुठे पळून जातेय? पेणला स्टँडपासून घरापर्यंत बुलेट इतकी हळू आणली की सायकलवाले आमच्या पुढे गेले.

तुझा आशीर्वाद आता दोघींना नाहीतर दोघांना लागणार आहे, तो कमी पडू देऊ नकोस.
सीता

रोहा, १२ फेब्रुवारी १९९९

चि. दिनानाथरावांस इंदुताईचे आशीर्वाद.

सीता माझ्याकडे येऊन आज तेरा दिवस झाले. जेवते, पण बोलत नाही. पाचव्या महिन्यात मूल गेलं, यात दोष तुमचा नाही आणि तिचाही नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंच आहे.

परवा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. हॉस्पिटलमधून घरी आणलंत त्याच दिवशी तुम्ही दोन्ही पासपोर्ट तिच्यापुढे ठेवलेत आणि म्हणालात, केनियाचा व्हिसा दहा मार्चपर्यंत चालतोय, अजून निघता येईल. तिचं मन दुसरीकडे वळवायला तुम्ही तसं बोललात, हे मला कळतं. तिला मात्र असं ऐकू आलं की बरं झालं, वाट मोकळी झाली.

पेणचं नाव काढलं की ती उठून आत जाते. पत्र लिहा. मला नको, तिला.

तुमच्यावरचा लोभ कमी झालेला नाही, म्हणून एवढं लिहिलं.
इंदुताई

पेण, ११ मार्च १९९९

सौ. सीतेस,

चार पत्रं लिहिली, चारही फाडली. व्हिसाची तारीख काल उलटली. पुढे ढकललेली रजा मी रद्द करून घेतली आणि शिफ्टला जातोय. हे उपकार म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तुझ्या हातात काहीतरी द्यावंसं वाटलं आणि घरात दुसरं काहीच दिसेना. शब्द तोंडातून गेले, तुझा चेहरा पाहिला आणि मला कळलं. तेव्हाच तुझ्याजवळ बसायला हवं होतं. मी डबा उचलला आणि निघालो. कंपनीत गेलोच नाही. धरमतरच्या जेट्टीवर जाऊन रडत बसलो. एका खलाशाने विचारलं, घरातलं कोणी गेलं का? मी नाही म्हणालो. त्या नाहीची मला अजून लाज वाटते.

आई रोज विचारते, "सून कवा येनार हाय?" तिला काय सांगू, ते तू ठरव.

एक विचारायचं राहिलं. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि मी भीतीने विचारलं नाही. मुलगा होता की मुलगी?

लोभ मागायचा मला आज हक्क नाही.
दिनानाथ

रोहा, १६ मार्च १९९९

अहो,

मुलगी होती.

तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. मी हट्ट धरला, तेव्हा नर्सबाईंनी तिला फडक्यात गुंडाळून आणलं. तळहाताएवढी, पण बोटं दहाही होती. मी मोजली.

दीड महिना ही गोष्ट माझ्या एकटीपाशी होती. ताईलाही बोलले नाही. तुम्ही विचाराल तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं ठरवलं होतं, आणि तुम्ही विचारत नव्हता. मी आफ्रिकेवर रागावलेली नाही. तुम्ही गेला नाहीत म्हणून बरंही वाटलं नाही. तिच्यासाठी आपण दोघं एका जागी बसून रडलो नाही, तेवढंच आत खुपतं.

रविवारी दुपारच्या एसटीने या. पेणला परत येईन की नाही, ते आज सांगता येत नाही. सासूबाईंनाही तसंच सांगा. मी तिला मनात एका नावाने हाक मारते. ते कागदावर लिहवत नाही. आलात की सांगेन.

सीता