डावी तार

१२ मे
पोचलो एकदाचा! मिशिगन सरोवर म्हणजे समुद्रच की, फक्त मीठ घालायचं राहिलंय. आजपासून मी कप्तान वेंडेल पोस्टमांच्या सामन मासे पकडायच्या बोटीवर मदतनीस. त्यांच्या बायकोनं, टिल्डाबाईंनी, धुरी दिलेला मासा आणि राय धान्याचा पाव इतका वाढला की उठवेना. मग बाजूला घेऊन म्हणाल्या, यांचा भाऊ गॅरिट गेल्या ऑक्टोबरात याच बोटीवरून पडला, सापडलाच नाही. यांना रोज घरी आणायचं तुझ्याकडे. आणतो की, म्हटलं!

१४ मे
नवे डाउनरिगर, म्हणजे गळ खोल पाण्यात नेणारी यंत्रं, निवडायचं काम माझ्यावर आलं. हाताने फिरवायचे घेतले तर खांदे निखळतील, म्हणून विजेवरचे दोन घेतले आणि मागच्या कठड्यावर डावीउजवीकडे बसवले. चाकावरून तार खाली जाते, टोकाला शिशाचा गोळा, वर चिमट्यात गळाची दोरी. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. ब्रेक सैलसर ठेवायचा, म्हणजे गोळा तळाशी अडकला तरी तार सुटत जाते, बोट खेचली जात नाही. तार हातात धरायची नाही. कप्तान हसले. म्हणाले, शहाण्या, मला शिकवतोस होय रे?

१९ मे
चार सामन मिळाले. एकदा डावीकडची दोरी सुटली, पण मासा नव्हता. गोळा वर घेतला तर दोरी पुन्हा चिमट्यात, नीट बसवलेली. दीडशे फूट खाली कोण बसवणार? मी म्हटलं, सामन हुशार झालेत. कप्तान हसले नाहीत.

२३ मे
चिमट्यात लोकरी हातमोज्याचं एक बोट. वीण टिल्डाबाईंची. कप्तान ढसाढसा रडले, गॅरिटचाच आहे म्हणाले. टिल्डाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या जाऊ देऊ नकोस त्यांना.

२४ मे
ऐकतात कुठले! एकटं कसं सोडणार, म्हणून मीही गेलो. डावी तार ताणली. मी ब्रेक सैल करायला गेलो तर कप्तानांनी हात झटकला माझा. सुटू दे म्हणतोस? भाऊ आहे तो माझा! पक्कडीनं ब्रेक आवळून टाकला. बोटीचा मागचा कठडा पाण्याला टेकला. मी कातरीनं तार कापली.

२६ मे
नवी तार. ब्रेक आवळलेलाच. कातर त्यांनी पाण्यात फेकली. पुन्हा ओढ. मोटरला झेपेना, तर तार हाताला गुंडाळून ओढायला लागले. नको, नको म्हणून ओरडलो मी, पण—

तारेबरोबर पाण्यात गेले. ओरडलेसुद्धा नाहीत.

तटरक्षकांना रेडिओवर कळवलंय. थांब म्हणतात, येतोय. टिल्डाबाईंना काय सांगू मी?

डावी तार सैल आहे. पाणी शांत.

उजवी ताणली. तिचा ब्रेक मी सैल ठेवला होता, मी स्वतः—

आता घट्ट. फिरवता येत नाही.

दोन्ही तारा. दोन्ही ओढतायत. पाणी आत— बूट भिजले

कठड्याच्या बाहेरून कोणीतरी ब्रेकवर हात