पाइप भरण्याची रीत

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, वय पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वखारीतला माल-तपासनीस, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे: बाबांचा पाइप कसा भरावा, हे तुला नेमके कळावे. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे.

तू लिहितेस, तुझ्याकडे आल्यापासून बाबांनी पाइपला हात लावलेला नाही, ते जिना उतरत नाहीत, आणि विचारले की म्हणतात, "भाता फाटला माझा." डॉक्टरांना छातीत तसे काही आढळत नाही, हेही वाचले.

तंबाखू आधी कागदावर वीस मिनिटे पसरावी. चिमटीत दाबून सोडल्यावर ती सुटी झाली पाहिजे. गोळा राहिला तर ओली समजावी. पहिला थर नुसता पडू द्यावा, दुसरा बोटाने बसवावा, तिसरा अंगठ्याने जरासा दाबावा. काडी लावण्यापूर्वी एकदा कोरडाच ओढून पाहावा. हवा अडली तर सगळे उपसून पुन्हा भरावे, आळस करू नये. पहिल्या काडीने तंबाखू फुगते. ती हलकेच बसवून दुसरी काडी लावावी. तिसरी लागता कामा नये. आज ओढलेला पाइप उद्या ओढू नये. बाबा म्हणत, पाइप ओढायचा नसतो, त्याच्याशी गप्पा मारायच्या असतात.

हे सर्व मला पूर्वीपासून ठाऊक होते.

गेल्या वर्षी त्यांचे हात कापू लागले, तेव्हा भरण्याचे काम माझ्याकडे आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, प्रमाण कमी करा, असे सांगितले. बाबांना तसे सांगण्याचा मला धीर झाला नाही. मी तंबाखू ओली ठेवू लागलो आणि अंगठ्याने ठासून भरू लागलो. पाइप चौथ्या मिनिटाला विझे. ते काडीमागून काडी ओढत. एकदा आठ झाल्या. तुझी वहिनी म्हणाली, "सरळ सांगा की त्यांना. ते काय खाणार आहेत तुम्हाला?" मी म्हटले, सापही मरतो आहे आणि काठीही मोडत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी पाइप खाली ठेवला. म्हणाले, "तू भरतोस तो नीटच असणार. तुझ्या कामात कधी खोट निघाली नाही. म्हणजे माझाच दम संपला."

मी ऐकून घेतले.

त्यानंतर त्यांचे फिरणे सुटले, आणि मग ते तुझ्याकडे आले. लेकीची आठवण आली म्हणून गेले, असे मी सर्वांना सांगतो.

तेव्हा वरच्या रीतीने एक पाइप भरून त्यांच्या हाती दे. तो शेवटपर्यंत जळेल. कसा जळला, असे ते विचारतीलच. तेव्हा हे पत्र वाचून दाखव. माझी गय करून एकही ओळ गाळू नकोस. डॉक्टरांचे म्हणणेही सांग. पुढे ओढायचा की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू दे. त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले, तर तू मध्ये पडू नकोस. त्यांचा दम संपलेला नाही, एवढे त्यांना कळले की पुरे.

तुझा दादा,
ज्याच्या कामावर बाबांनी विश्वास ठेवला

बाबांची खोली, खिडकीजवळ
९ फेब्रुवारी