जवारीएवढा दाणा

प्रिय आप्पा,

काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी पारावर बापूकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "आप्पाचा नेम ढळला व्हता. म्हाताऱ्या माणसानं डुकरावर जायाचंच कशाला?" तुमचा सख्खा भाऊ! आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणून लिहायला बसले. परभणीला मामाकडे राहून चार बुकं शिकले, ती आज तरी कामाला येऊ देत.

तुमचा नेम चुकला नव्हता. हे मी साऱ्या गावाला ऐकवीन. पण आधी तुम्हाला एक ऐकवायचं आहे, आणि ते तुम्हाला मुळीच आवडणार नाही. आप्पा, तुमचा दाणा चुकला.

रागवा, खुशाल रागवा! तुमची ती आजोबांपासूनची ठासणीची बंदूक. बंदुकीची दारू आणली की तुम्ही ओसरीवर फडकं पसरून चाळायला बसायचात. खसखशीएवढी भुकटी कानावर, म्हणजे नळीच्या बत्तीच्या भोकाशी, पेटवायला, राळ्याएवढा दाणा सशा-तितरांना, आणि रानडुकराला जवारीएवढा. खरोखरचा जवारीचा दाणा तळहातावर घेऊन त्याच्याशेजारी दारूचा दाणा ठेवून बघायचात. आत आई करवादायची, "माझी पिठाची चाळण बाटवली या माणसानं!" तुम्ही मिशीत हसायचात आणि मला सांगायचात, "जनावर मोठं तर दाणा मोठा, द्वारके."

कुणी सांगितलं होतं हे तुम्हाला? दाण्याला काय ठाऊक, समोर डुक्कर आहे का ससा? त्याला फक्त नळी कळते! नळीचं तोंड चिरलं तेव्हा सेलूच्या लोहारानं ती वीतभर कापली. नळी आखूड झाली, तुमचा दाणा मात्र तोच राहिला. जाड दाणा सावकाश जळतो. तो पुरता पेटायच्या आतच गोळी बाहेर पडते आणि निम्मा जोर वाया जातो.

हे मी आज म्हणत नाही. दसऱ्याला तुम्ही बार काढलात तेव्हा समोरच्या मातीत न जळलेले काळे दाणे पडले होते. मी ते ओंजळीत भरून तुमच्यापुढे धरले. काय म्हणालात? "पोरीच्या जातीनं चुलीतली राख बघावी, बंदुकीतली न्हाई." पारावरचे सगळे खिदळले. त्याचा मला अजून राग आहे, आप्पा. तुम्ही गेलात म्हणून तो गेला नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही बार टाकलात, डुक्कर पडलं नाही, उलटलं आणि तुमच्या मांडीत सुळा घातला. गाडीत घालून आणताना तुम्ही माझा हात धरून एकच घोकत होतात, "लागली व्हती गं. लागली व्हती." लोक म्हणाले, भ्रमात बडबडायलेत. मी मात्र दुसऱ्या दिवशी रानात जाऊन पाहिलं. जवारीच्या ताटांवर रक्त वाळलं होतं, बरोबर डुकराच्या खांद्याच्या उंचीला. गोळी लागली होती. नुसती कातड्याखाली जाऊन बसली, आत उतरलीच नाही. हे तुम्ही जिवंत असताना मला सांगता आलं असतं तर!

म्हणून आज दुपारी मी बंदूक उचलली. हो, मी! बाभळीचा ओंडका वेशीबाहेर उभा केला, पुढ्यात तुमचं पांढरं धोतर अंथरलं आणि सगळ्यांना बोलावलं. पहिला बार तुमच्या जवारीएवढ्या दाण्याचा. गोळी निम्मी लाकडाबाहेर राहिली आणि धोतरावर काळे दाणे सांडले. ते मी निखाऱ्यावर टाकले तर फुरफुर करून पेटले. मग राळ्याएवढा दाणा घेतला, माप जरा कमी धरलं. खसखशीएवढी भुकटी ठासली असती तर नळीच फुटली असती, एवढं मला कळतं. दुसरा बार झाला. या वेळी गोळी इतकी खोल गेली की भोकात बापूकाकांचं बोट पुरेना. माझा खांदा अजून ठणकतोय.

काका तरी ऐकतात होय? म्हणाले, "म्हंजी चूक आप्पाचीच की!"

मी म्हटलं, "दाण्याची चूक हाय, आन ती मी काढीन, माझा बाप हाय त्यो. तुमी त्येंच्या नेमाबद्दल एक शबुद बोलायचा न्हाई!"

तेवढ्यात पोलीस पाटील पुढे झाले. "परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर चालत न्हाई, बाई. ठाण्यातल्या अमीनसाहेबाचा हुकूम हाय. बंदूक उद्या ठाण्यात जमा करावी लागंल."

"उद्या ना?" मी विचारलं. "मग आज ती आमच्या घरात हाय." आणि बंदूक खांद्यावर टाकून घरी आले. आई दारात उभी होती. मला वाटलं, आता आरडाओरडा करील. तिनं पिठाची चाळण माझ्या हातात दिली.

आप्पा, ते डुक्कर जगलंय. पुढचा पाय ओढत रोज दिवस कलताना आपल्याच जवारीत येतंय. आज मी तिथं बसणार आहे, राळ्याचा दाणा ठासून. माझा बार चुकला तर द्वारकेचा चुकला म्हणू देत, माझी हरकत नाही. पण वचन देते, ते जनावर मी पाडीन. त्याचा खांदा माझ्या हातानं चिरीन, तुमची गोळी बाहेर काढीन आणि रक्तासकट बापूकाकांच्या तळहातावर ठेवीन.

तुमचं न ऐकणारी,
तुमचीच लेक
द्वारका