हिरव्या रंगाखालचं छिद्र

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडले आहे. आधीही चिडत होते, पण तो राग जुना, अंगवळणी पडलेला होता. हा कालचा आहे. कुणावर काढावा ते कळेना म्हणून लिहायला बसले. आईवर काढून उपयोग नाही, तिने भाजी निवडता निवडता फक्त खरं ते सांगितलं.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. प्लास्टिकची छोटी विमानं जोडून रंगवणारे लोक गावोगावी आहेत, चांगले मोठे, नोकरीवाले, संसारी. त्यांना मी मास्क कापून देते. मास्क म्हणजे पातळ, पिवळट, चिकट कागद. संगणकावर आकृती काढायची, मग यंत्रातलं इवलंसं पातं ती कापतं. वरचा कागद कापला जावा आणि खालचा अस्तराचा शाबूत राहावा, इतकंच खोल. वैमानिकाच्या काचेवरच्या चौकटी, शेपटीवरचे आकडे, पंखावरचं तिरंगी चक्र, ज्याला जे हवं ते, त्याच्या विमानाच्या मापाचं. जिथे रंग नको तिथे मास्क लावायचा, कडेवरून आधी खालच्याच रंगाचा एक हलका फवारा मारायचा म्हणजे फटी बुजतात, मग वरचा रंग, आणि तो पुरता कडक व्हायच्या आत मास्क सोलायचा. कड अशी स्वच्छ येते की बघत राहावं. थाटीपुरच्या घरात, तुमच्या खोलीत, तुमच्याच टेबलावर माझं यंत्र ठेवलं आहे. आणि याच कामाला तुम्ही लबाडी म्हणाला होतात.

आठवा, मी नववीत आहे. मामाने दिलेलं लढाऊ विमान शाळेच्या प्रदर्शनासाठी जोडलं आहे. काचेच्या तुकड्यावर चिकटपट्टी लावून, त्यावर तुमच्या शर्टाच्या लहानमोठ्या गुंड्या ठेवून, अर्ध्या ब्लेडने मी गोल कापले आहेत. कुणी शिकवलेलं नाही, माझं मला सुचलं आहे, आणि त्याचा मला इतका आनंद झाला आहे की आईला दोनदा बोलावून दाखवलं. पांढरा रंग वाळला, त्यावर पट्ट्या बसल्या, केशरी लावून झाला. स्वयंपाकघरात ओट्यापाशी मी वाट बघत बसले आहे. तेवढ्यात तुम्ही दुकानावरून येता, विमान उचलता आणि काही न विचारता पट्टी ओढून काढता. ओला केशरी रंग पंखभर फरफटतो.

"पट्ट्या चिकटवून टेम्पोवाले रंगवतात," तुम्ही म्हणालात. "आपल्या घरात हाताने काम होतं. ही लबाडी आहे."

"जाऊ द्या हो, पोरगी आहे," आई म्हणाली.

"पोरगी आहे तर काय झालं? हात बसायला नको?"

मग फडक्याने सगळं पुसून तुम्ही मला म्हणालात, "जा, चहा टाक. आलं घाल नीट, जल्दी नाही काही." मी आलं किसलं, दूध उतू जाऊ दिलं, डोळे पुसले. कप घेऊन आले तेव्हा दोन्ही पंखांवर चक्रं तयार होती. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवा ठिपका, आणि तुम्ही त्यावर फुंकर घालत होतात. त्या चक्रांत कुठे खोट काढायला जागा नव्हती, हे मला आजही कबूल करावं लागतं.

लष्कर भागात, बाड्याच्या चौकामागच्या गल्लीत तुमचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं आणि लोक नुसतं बघायला थांबायचे. पेन्सिलची रेघ नाही, दोरीचा आधार नाही, सरळ ब्रश टेकवायचा आणि अक्षर उतरवायचं. मीही त्या गर्दीत उभी राहून हे पाहिलं आहे. म्हणूनच तुमचा शब्द मला खरा वाटला. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हाथ तो बिल्कुल पापा का आया है." मी मान खाली घातली. तो हात खरंच तुमचा होता. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी ब्रशला हात लावला नाही. आणि पुढे हे काम सुरू केलं, तेव्हाही कुणी घरी आलं की मास्कचे कागद मी खणात सारायचे. पस्तिशी उलटलेली बाई, स्वतःच्या घरात, स्वतःचं काम लपवणारी. हे तुमच्यामुळे.

काल आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. हस्तकलेचं प्रदर्शन आहे. "तुमचं ते मशीनवालं राहू द्या हो," ते म्हणाले, "बाबांच्या हाताचं काही असेल तर बघा." तुमचे बोर्ड फ्लेक्स आल्यावर सगळे उतरले, भंगारात गेले. तुमच्या हाताचं म्हणून उरलंय ते माझं विमान, आणि त्यावरची दोन चक्रं. मी ते माळ्यावरून काढलं आणि आईसमोर तोंड सोडलं, की मशीनवालं म्हणे, आणि बाबा तरी वेगळं काय म्हणायचे.

आईने मान वर केली नाही. "ते कुठे असंच लिहायचे? कागदावर अक्षर काढायचं, त्याला सुईने छेद करायचे, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी बोर्डावर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. बारीक ठिपके पडायचे. तेच बघून दुपारी लोकांसमोर ब्रश चालवायचे. कागदाला छेद तर मीच करून द्यायची. तुला मालूम नव्हतं?"

मला मालूम नव्हतं, बाबा.

मी खोलीत गेले आणि भिंग लावून चक्र पाहिलं. हिरव्या ठिपक्याच्या बरोबर मध्यावर एक बारीक खळगा आहे, वरून रंगाने भरलेला. दुसऱ्या पंखावरही तसाच. टोक टेकवल्याशिवाय असा खळगा पडत नाही. मग आठवलं. तुम्ही चक्रं काढलीत त्याच आठवड्यात भूमितीच्या तासाला माझ्या कर्कटकात पेन्सिल नव्हती आणि पेन्सिलची कडी फाकली होती, कुणीतरी जाड काही घुसवल्यासारखी. ब्रशची दांडी. मी पूर्ण तास बाकावर उभी राहिले होते आणि घरी येऊन विचारलं तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात.

माझे गोल गुंडीचे होते म्हणून ती लबाडी, आणि तुमचे कर्कटकाचे होते ती कला? मला चहाला पाठवलंत. तुमची पोर शेजारी बसली असती तर काय बिघडलं असतं? "अगं, असा गोल काढतात, हे बघ," एवढंच म्हणायचं होतं. मला तो हात नको होता, मला ती युक्ती हवी होती. तुमच्याकडे होती आणि तुम्ही ती मला दिली नाहीत. हे मी माफ केलेलं नाही.

विमान पिवळं पडलं आहे, चक्रं सोडून सगळं नव्याने रंगवावं लागेल. आज सकाळी मी तुमच्या चक्रांच्या मापाचे दोन गोल कापले आणि त्यांवर बसवले, कडा नखाने दाबून, फवाऱ्याचा एक थेंब आत जाऊ नये म्हणून. प्रदर्शनात माझे मास्क मी टेबलावर उघडे मांडणार आहे, सेक्रेटरींना आवडो न आवडो. विचारेल त्याला कसे कापते ते दाखवणार आहे.

पण चक्राकडे बोट दाखवून कुणी विचारलं, तर मी काय सांगणार तेही ठरवून ठेवलंय. बाबांनी काढलंय, म्हणेन. नुसत्या हाताने.